डेन्मार्कचे पूल: बेटांच्या देशातल्या रस्ते-रेल्वेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओडेन्से या गावी मी राहते. गाव फ्यून बेटावर आहे आणि राजधानी कोपनहेगन शेलंड बेटावर, त्यामुळे कामासाठी आठवड्यातून एक-दोनदा मला समुद्र ओलांडावा लागतो. भारतातून येणारे पाहुणे, इथे शिकायला येणारी मराठी मुलं आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची मंडळी या पुलांबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी उतरवलं आहे.

डेन्मार्क म्हणजे नक्की किती बेटं?

नाव असलेली बेटं चारशेहून जास्त आहेत, पण वस्ती त्यातल्या थोड्यांवरच. जर्मनीला चिकटून वर गेलेला जटलंड हा द्वीपकल्प तेवढा युरोपच्या मुख्य भूमीशी जोडलेला आहे. त्याच्या पूर्वेला फ्यून, त्याच्या पूर्वेला शेलंड आणि शेलंडच्या पलीकडे स्वीडन. शेलंडच्या दक्षिणेला लोलंड, फाल्स्टर आणि मोन.

गंमत अशी की राजधानी देशाच्या जवळजवळ पूर्व टोकाला आहे. जटलंडमधल्या माणसाला कोपनहेगन गाठायचं तर वाटेत दोन सामुद्रधुन्या लागतात. आधी लिलबेल्ट, म्हणजे धाकटा पट्टा, आणि मग स्टोरबेल्ट, म्हणजे थोरला पट्टा. तिसरी ओरेसुंड, ती डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधली. बाल्टिक समुद्रातून बाहेरच्या महासागराकडे जाणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांना याच तिन्हींपैकी एकीतून वाट काढावी लागते. पुढची सगळी उत्तरं वाचताना हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवा, कारण कुठे पूल बांधायचा आणि कुठे बोगदा खणायचा, हे इथे बहुतेक वेळा खालून जाणाऱ्या जहाजांनी ठरवलं आहे.

पूल नव्हते तेव्हा लोक कसे जायचे?

होडीने, पुढे आगबोटीने, आणि कडक थंडीत बर्फावरून.

बर्फाची गोष्ट खरी आहे. 1658 च्या हिवाळ्यात दोन्ही पट्टे गोठले. स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव घोडदळ घेऊन बर्फावरून आधी फ्यूनवर आला आणि तिथून लांगेलंड, लोलंड, फाल्स्टर अशी बेटं ओलांडत शेलंडवर धडकला. त्यानंतरच्या रॉस्किल्डच्या तहात डेन्मार्कने ओरेसुंडपलीकडचा मुलूख गमावला. माल्मो शहर तेव्हापासून स्वीडनचं झालं.

सामान्य माणसासाठी हिवाळ्यात बर्फनावा असत. पाणी मोकळं असेल तिथे वल्हवायच्या, बर्फ लागला की माणसांनी खाली उतरून दोरीने ओढायच्या. टपालही असंच जायचं. स्टोरबेल्टच्या ऐन मध्यावर स्प्रोगो नावाचं एक छोटंसं बेट आहे. वाटेत वादळात सापडलेले प्रवासी तिथे आसऱ्याला थांबायचे, कधी कधी कित्येक दिवस. आज त्याच स्प्रोगोवर थोरल्या पट्ट्यावरचे पूल आणि बोगदा एकमेकांना मिळतात.

रेल्वेगाडी बोटीवर चढायची, हे खरं का?

अगदी खरं. आपल्याकडे दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी चढवताना अनेकांनी पाहिली असेल. इथे आगगाडीचे डबे चढवत. बोटीच्या डेकवर रूळ असायचे आणि धक्क्यावरचे रूळ त्यांना नेमके जुळवले जायचे. 1872 मध्ये धाकट्या पट्ट्यावर अशी पहिली बोट सुरू झाली आणि 1883 मध्ये थोरल्या पट्ट्यावर, कोर्सोर ते न्यूबोर्ग.

थोरला पट्टा पार करायला बोटीने सुमारे एक तास लागे, आणि बोटीची वाट पाहणं वेगळं. गर्दीच्या दिवशी मोटारींच्या रांगा लागत. तरीही माझ्या शेजारच्या आजी त्या तासाची आठवण फार मायेने काढतात. डब्यातून उतरून वर जायचं, गरम कॉफी आणि सँडविच घ्यायचं, डेकवर उभं राहून न्यूबोर्गचा किनारा जवळ येताना पाहायचा. आता गाडी त्या पाण्यावरून आणि पाण्याखालून काही मिनिटांत निघून जाते. मी वेळ वाचल्याच्या बाजूची आहे, पण आजींचं म्हणणं मला कळतं.

जर्मनीकडे जाणाऱ्या रॉडबी-पुटगार्डन मार्गावर तर 2019 च्या डिसेंबरपर्यंत हॅम्बर्ग-कोपनहेगन गाडी बोटीत शिरायची.

पहिला मोठा पूल कोणता?

धाकट्या पट्ट्यावरचा जुना पूल, 14 मे 1935 ला खुला झालेला. तो फ्यूनला जटलंडशी जोडतो. लांबी 1,178 मीटर, मधला गाळा 220 मीटरचा. गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. हा शब्द पुढे पुन्हा पुन्हा लागेल. पोलादी सांगाड्याचा हा पूल रस्ता आणि दोन रुळांची रेल्वे शेजारी शेजारी वाहून नेतो, तेही नव्वद वर्षांनंतर. जटलंड आणि कोपनहेगनमधल्या सगळ्या गाड्या आजही याच्यावरूनच जातात.

मोटारी वाढल्या तेव्हा 1970 मध्ये उत्तरेला नवा झुलता पूल बांधला. त्याचा मधला गाळा 600 मीटर आहे आणि तो फक्त रस्त्यासाठी आहे. जुन्या पुलावर 2015 पासून पर्यटकांना पट्टे बांधून थेट वरच्या सांगाड्यावरून चालवतात, पाण्यापासून 60 मीटर उंचीवर. खाली पाण्यात पॉरपॉइज दिसू शकतात. पॉरपॉइज म्हणजे डॉल्फिनसारखा दिसणारा छोटा जलचर, आणि या सामुद्रधुनीत त्यांची मोठी वस्ती आहे.

स्टोरस्ट्रोम पुलाचं नाव युद्धाच्या इतिहासात का येतं?

हा पूल 1937 चा, सुमारे 3.2 किलोमीटर लांब, शेलंडकडून फाल्स्टरकडे जाणारा. रस्ता आणि एकेरी रेल्वे दोन्ही त्याच्यावर. 9 एप्रिल 1940 ला जर्मनीने डेन्मार्कवर हल्ला केला, तेव्हा हा पूल अखंड ताब्यात हवा म्हणून त्यांनी शेजारच्या मासनेडो बेटावरच्या किल्ल्यावर पॅराशूटने सैनिक उतरवले. प्रत्यक्ष युद्धात पॅराशूट सैनिक वापरल्याच्या जगातल्या अगदी पहिल्या घटनांमध्ये ही मोजली जाते. किल्ल्यात त्या वेळी मोजकीच माणसं होती.

2011 मध्ये पुलाच्या पोलादात तडे सापडले आणि रेल्वे काही काळ थांबवावी लागली. त्यानंतर शेजारी नवा पूल बांधायचं ठरलं. नव्या पुलाच्या आराखड्यात रस्ता, सायकलमार्ग आणि दुहेरी रेल्वे आहे. जुना पाडायचं ठरलं आहे, आणि त्याच्या त्या ठेंगण्या, लांबच लांब कमानी जाणार याचं मला वाईट वाटतं.

स्टोरबेल्ट हा पूल आहे की बोगदा?

दोन्ही. इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

फ्यूनवरच्या न्यूबोर्गजवळून निघालात की आधी लागतो पश्चिम पूल, 6.6 किलोमीटरचा. तो काँक्रीटचा आणि ठेंगणा आहे. रस्ता आणि रेल्वे शेजारी शेजारी पण वेगवेगळ्या पुलांवर धावतात. मग येतं स्प्रोगो. तिथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. रस्ता पूर्व पुलावर चढतो आणि रेल्वे 8 किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यात शिरते. शेलंडवर कोर्सोरजवळ दोघंही पुन्हा जमिनीवर येतात. एकूण पल्ला 18 किलोमीटर.

असं का केलं? कारण जहाजं. पट्ट्याचा पश्चिम भाग उथळ आहे, तिथून लहान बोटी जातात, म्हणून 18 मीटर मोकळी उंची पुरते. बाल्टिकमधली सगळी मोठी जहाजं पूर्वेकडच्या खोल वाटेने जातात. तिथे 65 मीटर मोकळी उंची ठेवली आहे. रस्त्यावरची मोटार एवढी उंची सहज चढते. रेल्वेला मात्र अगदी सौम्य चढच झेपतो, आणि जड गाडी झुलत्या पुलावरून न्यायची तर तो खूप ताठ बांधावा लागतो. म्हणून रूळ खाली आणि डांबर वर.

माझे बाबा मध्य रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. ते आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम खिडकीशी बसवलं. पश्चिम पुलावर बाहेर दोन्ही बाजूंना करडं पाणी आणि शेजारून पळणाऱ्या मोटारी. मग स्प्रोगोवरचं टेकाड, त्यावरचं पांढरं दीपगृह आणि एकदम अंधार. कानांत दडा बसला. बाबांनी घड्याळ बघितलं, आणि बोगद्याचं दुसरं तोंड येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. बाहेर पडल्यावर म्हणाले, "गाडीला चढ लागला होता, आत्ता. जाणवला का तुला?" मला एवढ्या वर्षांत कधी जाणवला नव्हता.

बोगद्यात पाणी भरलं होतं म्हणे?

हो, बांधकामाच्या काळात. बोगदा खणायला चार टीबीएम, म्हणजे भुयार कोरत पुढे सरकणारी अवाढव्य यंत्रं होती आणि त्यांना देशाच्या भागांवरून नावं दिली होती: युटलांडिया, फिओनिया, सेलांडिया आणि दानिया. 1991 च्या ऑक्टोबरमध्ये समुद्राचं पाणी यंत्राच्या तोंडातून आत शिरलं आणि बोगदे बुडाले. दुरुस्तीत महिनोन् महिने गेले. 1994 मध्ये दानिया यंत्राला आग लागली आणि बोगद्याच्या काँक्रीटच्या अस्तराचं मोठं नुकसान झालं.

अडचण समुद्रतळाच्या मातीत होती. हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेली माती, त्यात मोठमोठे धोंडे आणि खाली भेगाळलेला मार्ल, म्हणजे चुना आणि चिकणमातीचा खडक. त्या भेगांतून पाणी प्रचंड दाबाने यायचं. त्यावर उपाय म्हणून समुद्रतळात विहिरी खणून पंपांनी पाणी उपसत राहिले, म्हणजे यंत्रासमोरचा दाब कमी होईल. या योजनेला नाव दिलं मोझेस, बायबलमधल्या, समुद्र दुभंगवणाऱ्या मोशेवरून. मुंबईत मेट्रोचं भुयार खणताना पाणी लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. इथे डोक्यावर अख्खा समुद्र होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या लोकांच्या चिकाटीची कल्पना येते.

या सगळ्यामुळे वेळापत्रक कोलमडलं. राजकीय करार असा होता की रेल्वे रस्त्याच्या तीन वर्षं आधी सुरू व्हावी, म्हणजे लोकांना गाडीची सवय लागेल. प्रत्यक्षात रेल्वे 1997 मध्ये आणि रस्ता 14 जून 1998 ला सुरू झाला. आघाडी जेमतेम वर्षभराची मिळाली. रेल्वेला आधी मान देण्याची ती कल्पना मला आजही फार शहाणपणाची वाटते.

पूर्व पूल जगात सर्वांत लांब आहे का? अटल सेतूपेक्षा मोठा?

"मोठा" म्हणजे काय ते आधी ठरवावं लागेल.

पूर्व पूल झुलता आहे. मधला गाळा 1,624 मीटर, म्हणजे दीड किलोमीटरहून अधिक अंतरात पाण्यात एकही खांब नाही. तो खुला झाला तेव्हा जगात त्याच्या पुढे एकच गाळा होता, जपानच्या आकाशी-काइक्यो पुलाचा, 1,991 मीटरचा. आकाशी त्याच वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे दोन महिने आधी खुला झाला होता. त्यानंतर चीन आणि तुर्कस्तानात त्याहून लांब गाळे बांधले गेले.

शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू 2024 मध्ये सुरू झाला. त्याची एकूण लांबी 21.8 किलोमीटर, म्हणजे लांबीत तो स्टोरबेल्टच्या पुढे आहे. पण तो असंख्य खांबांवर उभा आहे, कारण तिथल्या उथळ खाडीत खांब उतरवता येतात. लांब पूल आणि लांब गाळा या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दोन्हींत पास होणारे इंजिनिअर तितक्याच आदराला पात्र आहेत.

पूर्व पुलाचे दोन मनोरे 254 मीटर उंच आहेत. डेन्मार्कचं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण 171 मीटरही भरत नाही. देशातल्या कुठल्याही टेकडीपेक्षा हे मनोरे कितीतरी उंच. मुख्य केबल म्हणजे अठरा हजारांहून अधिक पोलादी तारांची जुडी.

1998 च्या वसंतात, खुला होण्याच्या अगदी तोंडावर, पुलाचा डेक, म्हणजे रस्ता वाहून नेणारा भाग, मंद वाऱ्यात वर-खाली हलायला लागला. वादळात नव्हे, मंद वाऱ्यात. डेकच्या खालून वारा जाताना मागे भोवरे सुटतात. त्यांची लय डेकच्या स्वतःच्या लयीशी जुळली की झोका वाढत जातो. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या हलक्या धक्क्यासारखं. मग डेकच्या खालच्या कडांना वाकवलेल्या पट्ट्या बसवल्या, त्यांनी भोवरे मोडले आणि हलणं थांबलं.

फिनलंडने डेन्मार्कवर खटला भरला, तो या पुलावरून?

हो. 1991 मध्ये फिनलंड थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्यांचं म्हणणं असं की फिनलंडमध्ये बांधलेल्या तेलउत्खननाच्या रिग 65 मीटरहून उंच असतात. पूल झाला तर त्या बाल्टिकबाहेर काढायच्या कशा? ओरेसुंडची वाट अशा रिगना पुरेशी खोल नाही, त्यामुळे थोरला पट्टा हाच त्यांचा एकमेव रस्ता होता. न्यायालयाने बांधकाम तात्पुरतं थांबवायला नकार दिला आणि 1992 मध्ये तडजोड झाली. डेन्मार्कने फिनलंडला 9 कोटी क्रोनर (डेन्मार्कचं चलन) दिले.

2009 मध्ये फिनलंडच्या तुर्कू शहरात बांधलेलं ओएसिस ऑफ द सीज हे अवाढव्य प्रवासी जहाज या पुलाखालून गेलं. त्याची धुरांडी आत ओढून घेता येतील अशी मुद्दाम केली होती. पूल आणि जहाज यांच्यात अर्ध्या मीटरच्या आसपास जागा उरली. किनाऱ्यावर रात्री शेकडो लोक बघायला जमले होते.

स्प्रोगोवर उतरता येतं का?

एरवी नाही, महामार्गावर थांबायला परवानगी नाही. उन्हाळ्यात ठरावीक मार्गदर्शित सहली निघतात. बेटाला एक दुखरा इतिहासही आहे. 1920 च्या दशकापासून 1961 पर्यंत इथे स्त्रियांसाठी एक संस्था होती. समाजाच्या नजरेत "वागणं बरोबर नाही" एवढ्याच कारणावरून मुलींना इथे वर्षानुवर्षं डांबून ठेवलं जायचं. गाडीतून ती पिवळी घरं क्षणभर दिसतात. मी दर वेळी तिकडे बघते.

ओरेसुंड पूल समुद्रात मध्येच गायब होतो. असं का?

तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो: पूल येतो, एका बेटावर उतरतो आणि पुढे काहीच नाही. पुढे बोगदा आहे.

स्वीडनच्या बाजूने 7,845 मीटरचा पूल, मग पेबरहोल्म हे सुमारे 4 किलोमीटरचं मानवनिर्मित बेट आणि मग कोपनहेगनकडे सुमारे 4 किलोमीटरचा बोगदा. एकूण 16 किलोमीटर. पूल केबल-स्टेड आहे, म्हणजे मनोऱ्यांवरून थेट डेकपर्यंत तिरक्या केबल ताणलेला. मनोरे 204 मीटर उंच, मुख्य गाळा 490 मीटर. वरच्या डेकवर चौपदरी महामार्ग, खालच्या डेकवर दुहेरी रेल्वे. 1 जुलै 2000 ला राणी दुसरी मार्गारेट आणि राजा सोळावा कार्ल गुस्ताव यांनी उद्घाटन केलं. दहाव्या कार्ल गुस्तावाची सेना बर्फावरून आली, सोळावा पुलावरून आला.

डेन्मार्कच्या बाजूला बोगदा का? कारण कास्ट्रुप विमानतळ अगदी किनाऱ्याला लागून आहे. विमानांच्या वाटेत दोनशे मीटरचे मनोरे उभे करता येत नाहीत. शिवाय तिथून जाणारा जहाजमार्गही मोकळा राहायला हवा होता.

हा बोगदा खणलेला नाही. समुद्रतळात मोठा चर काढला. किनाऱ्यावर काँक्रीटच्या 20 प्रचंड पेट्या ओतल्या, एकेक सुमारे 55,000 टनांची. टोकं बंद केली की त्या तरंगतात. बोटींनी ओढत आणल्या, चरात अलगद बुडवल्या आणि एकमेकींना जोडल्या. स्टोरबेल्टच्या खणलेल्या बोगद्यापेक्षा ही पूर्णपणे वेगळी पद्धत आहे.

पुलाचे मोठे भाग ज्या तरंगत्या क्रेनने उचलले, तिचं नाव स्वानेन, म्हणजे राजहंस. तीच क्रेन आधी स्टोरबेल्टच्या पश्चिम पुलावर होती. मधल्या काळात ती अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या कॉन्फेडरेशन पुलाचं काम करून आली.

एवढं बेट समुद्रात टाकल्यावर पाण्याचं काय होतं?

माझा सर्वांत आवडता प्रश्न, आणि फार थोडे लोक विचारतात.

बाल्टिक समुद्र जवळजवळ कोंडलेला आहे. नद्यांचं गोडं पाणी वरून बाहेर जातं आणि खारं, प्राणवायू असलेलं पाणी तळाने आत येतं. ते येतं याच तीन अरुंद सामुद्रधुन्यांतून. इथे खांब आणि भराव टाकून प्रवाह अडवला तर पार फिनलंडपर्यंतच्या माशांचा श्वास कोंडेल. म्हणून दोन्ही प्रकल्पांवर एक कडक अट होती: बाल्टिकमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात शून्य फरक पडला पाहिजे. खांबांनी जेवढी वाट अडवली, तेवढा समुद्रतळ दुसरीकडे खोल केला. ओरेसुंडमध्ये निघालेल्या गाळाचा मोठा भाग पेबरहोल्मच्या भरावात वापरला.

शेजारी साल्टहोल्म नावाचं नैसर्गिक बेट आहे. त्या मीठबेटाला जोडी म्हणून नव्याचं नाव पेबरहोल्म, म्हणजे मिरबेट. तिथे मुद्दाम काहीही लावलं नाही. वारा, पक्षी आणि पाण्याने बिया आणल्या. आज तिथे पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती सापडल्या आहेत आणि दुर्मीळ हिरवे टोड, म्हणजे बेडकासारखे प्राणी राहतात. सामान्य माणसाला तिथे जाता येत नाही. माझ्या मते हे फार चांगलं आहे.

दोन देशांची रेल्वे एकाच पुलावर कशी धावते?

अवघड होतं. डेन्मार्कमध्ये ओव्हरहेड तारेत 25,000 व्होल्ट, 50 हर्ट्झ वीज आहे, आपल्या भारतीय रेल्वेसारखीच. स्वीडनमध्ये 15,000 व्होल्ट आणि 16.7 हर्ट्झ. शिवाय डेन्मार्कमध्ये गाड्या उजव्या रुळाने धावतात आणि स्वीडनमध्ये डाव्या. म्हणून ओरेसुंड मार्गावरच्या गाड्या दोन्ही विजांवर चालतील अशा बनवल्या आहेत, आणि बाजू बदलणं माल्मोच्या बाजूला होतं. प्रवाशाला यातलं काहीही कळत नाही.

टोल किती आणि तो कुठे जातो?

दर दरवर्षी बदलतात, म्हणून आकडा इथे देत नाही. निघण्याआधी पुलाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. स्टोरबेल्टचा नाका शेलंडच्या बाजूला आहे, ओरेसुंडचा स्वीडनच्या बाजूला. दोन्ही दिशांना पैसे लागतात. काचेवर लावायचं टॅग घेतलं तर सवलत मिळते, ते आपल्या फास्टॅगसारखंच. धाकट्या पट्ट्यावर आणि बाकीच्या लहान पुलांवर टोल नाही. फ्रेडरिक्सुंडजवळच्या 2019 च्या पुलावर सुरुवातीला टोल होता.

पैसा कर्ज फेडण्यात जातो. सरकारच्या हमीवर सरकारी कंपनीने कर्ज काढलं आणि ते टोल आणि रेल्वेच्या भाड्यातून फेडलं जातं. ओरेसुंडची मालकी दोन्ही देशांची, निम्मी निम्मी. टोलाला इथे जुनी परंपराही आहे. 1857 पर्यंत ओरेसुंडमधून जाणाऱ्या प्रत्येक परदेशी जहाजाकडून हेल्सिंगोर इथे डेन्मार्कचा राजा पैसे घ्यायचा.

वादळात पूल बंद होतात का? सुरक्षित आहेत का?

वारा वाढला की आधी वेगमर्यादा कमी करतात, मग कॅरॅव्हान (मोटारीमागे ओढायची फिरती घरं) आणि रिकाम्या ट्रकना मनाई होते आणि वारा फारच वाढला तर पूल बंद करतात. हिवाळ्यात विमान पकडायचं असेल तर आदल्या रात्री हवामान बघाच.

2 जानेवारी 2019 ची सकाळ इथे कुणी विसरलेलं नाही. पश्चिम पुलावर जोराच्या वाऱ्यात मालगाडीवर चढवलेला ट्रकचा एक रिकामा ट्रेलर सुटला आणि समोरून येणाऱ्या प्रवासी गाडीवर आदळला. आठ माणसं गेली. ट्रेलर वॅगनवर नीट अडकवून कुलूपबंद झाला नव्हता, असं तपासात आढळलं. त्यानंतर अशा ट्रेलरच्या वाहतुकीचे नियम कडक झाले. त्या आठवड्यात मीही त्या पुलावरून गेले. डब्यात कुणी बोलत नव्हतं.

जर्मनीकडे जाणारा नवा पूल कधी होणार?

तो पूल नाही, बोगदा आहे. लोलंडवरच्या रॉडबीपासून जर्मनीच्या फेमर्न बेटापर्यंत 18 किलोमीटर. 2008 च्या करारात पुलाचा विचार पुढे होता, पण वर्दळीचा जहाजमार्ग, वारा आणि पर्यावरण यांचा विचार करून 2011 मध्ये बोगदा निवडला. ओरेसुंडसारखाच बुडवलेल्या पेट्यांचा. एकूण 89 पेट्या, त्यातल्या बहुतेक 217 मीटर लांब आणि 73,000 टनांच्या. पहिली पेटी तयार झाल्यावर जून 2024 मध्ये राजा दहावा फ्रेडरिक समारंभाला आला होता. बोगदा पार करायला मोटारीने 10 मिनिटं, रेल्वेने 7. लक्ष्य 2029 चं ठरलं होतं, पण काम मागे पडलं आहे. तोपर्यंत हॅम्बर्गच्या गाड्या जटलंडवरून वळसा घालून, आमच्या ओडेन्सेवरून जातात.

मग फेरीबोटी संपल्या का?

मुळीच नाही. जटलंडमधल्या आरहूसहून शेलंडच्या ओडेनला वेगवान बोट जाते आणि ती भरलेली असते. हेल्सिंगोर-हेल्सिंगबोर्ग बोट 20 मिनिटांत स्वीडनला पोचवते. बोर्नहोम हे डेन्मार्कचं बेट तर बाल्टिकमध्ये इतकं पूर्वेला आहे की कोपनहेगनचे लोक ओरेसुंड पुलावरून स्वीडनमध्ये जातात, इस्टाडला बोट पकडतात आणि पुन्हा स्वतःच्या देशात उतरतात.

सायकल नेता येते का? पासपोर्ट लागतो का?

स्टोरबेल्ट आणि ओरेसुंड दोन्हींवर सायकल आणि पायी जायला मनाई आहे. सायकल रेल्वेच्या डब्यात ठेवून न्या, तिच्यासाठी वेगळं तिकीट किंवा आरक्षण लागू शकतं. धाकट्या पट्ट्याच्या जुन्या पुलावर मात्र खुशाल सायकल चालवा. स्वीडनला जाताना पासपोर्ट आणि निवासपरवाना जवळ हवेतच. सीमेवर तपासणी होते. नुसत्या आधार कार्डाचा इथे उपयोग नाही, हे लिहिण्याची गरज दोनदा पडली आहे.

पूल नीट बघायचे असतील तर कुठे उभं राहावं?

पुलावरून जाताना पूल दिसत नाही. स्टोरबेल्टसाठी कोर्सोरजवळ हाल्सकोवच्या टोकाला जा, किंवा आमच्या बाजूला न्यूबोर्गजवळ क्नुडसहोवेडला. धुकं असेल तर परत फिरू नका. थोड्या वेळाने आधी मनोऱ्यांची टोकं वर येतात, मग केबलची रेघ आणि सगळ्यात शेवटी रस्ता.

ओरेसुंडसाठी माल्मोच्या सिबार्प किनाऱ्यावर संध्याकाळी जा. जाकीट न्या, उन्हाळ्यातही वारा झोंबतो. अंधार पडला की वर मोटारींच्या दिव्यांची माळ दिसते, आणि तिच्या खाली जाळीतून गाडीच्या पिवळ्या खिडक्या लुकलुकत पेबरहोल्मकडे जातात.